कोऱ्या कपाळाचा ठराव

आमच्या वाचनालयात पंख्याला वीज नसते आणि पुस्तकांना वाचक नसतो, पण बैठकीला माणसं कधी कमी पडत नाहीत. मुखेडहून जळकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एसटी थांबते त्याच्या समोरच हे वाचनालय आहे. मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो तेव्हा गावाने मला कार्यकारिणीवर घेतलं. निवृत्त इतिहासशिक्षकाचा दुसरा काही उपयोग गावाला सुचला नसावा.

मागच्या उन्हाळ्यात ठरलं की सभागृहात देशाच्या पहिल्या पुढाऱ्याची तसबीर लावायची. म्हणजे ज्यांनी हा स्वतंत्र देश उभा केला असं आपण शाळेत घोकलं, ते. नाव मी मुद्दाम घेत नाही. घेतलं की वाचक लगेच दोन बाजूंना बसतात, आणि मग कुणाकडे तोंड करून गोष्ट सांगावी ते मला कळत नाही. सभागृह म्हणजे वाचनालयाची मोठी खोली. तिला सभागृह म्हणावं असा एक ठराव झालेला आहे, एवढाच तिच्यात आणि खोलीत फरक.

तसबीर द्यायला माझा मित्र पुढे आला. त्याचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. घर लिंगायत, धंदा वडिलोपार्जित. त्याच्या वडिलांना अख्खा बाजार आप्पा म्हणायचा. आप्पा वारले त्याला फार दिवस झालेले नव्हते. त्यांच्या गल्ल्याच्या वर एक फळी होती. तिच्यावर महादेव, शेजारी नंदी, आणि नंदीच्या शेजारी हे पुढारी. रोज सकाळी दुकान उघडलं की आप्पा आधी स्वतःच्या कपाळाला भस्म लावत, मग फळीवरच्या सगळ्यांना. त्यातून पुढारीही सुटले नव्हते. काचेवर, कपाळाच्या जागी, तीन बोटांचे तीन आडवे पट्टे. लहानपणी आईबरोबर तांब्या-पातेली घ्यायला जायचो तेव्हापासून मी त्यांना असंच पाहिलं होतं. पुढे पाठ्यपुस्तकात त्यांचं चित्र आलं तेव्हा छापखान्याची काहीतरी चूक झाली असावी असं मला वाटलं होतं.

ती तसबीर वाचनालयात लागावी ही मित्राच्या आईची इच्छा. घरात तिला सगळे अव्वा म्हणतात.

"आता त्या फळीच्या म्होरं डब्यांचे खोके लागतेत," ती म्हणाली होती. "ह्यांनी जल्मभर सांभाळलेला मानूस खोक्यामागं ऱ्हायचा न्हाई. चार लोकांत लावा, आन खाली ह्यांचं नाव टाका."

बाकी तिने काही मागितलं नाही. मित्राने आजवर आईला कशालाही नाही म्हटलेलं नव्हतं आणि तिनेही आजवर काही मागितलं नव्हतं, त्यामुळे दोघांचं छान चाललं होतं.

तसबीर सभागृहाच्या मानाने लहान होती. मित्राने ती मोठी करून आणायला लातूरच्या एका फोटोवाल्याकडे दिली. फोटोवालाही महादेवाचाच भक्त निघाला. काचेवरचं भस्म पुसायला त्याचा हात होईना. त्याने काचेसकट फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला, जुने डाग काढले, कोटाला इस्त्री केल्यासारखी घडी आणली, आणि भस्म पुसट दिसत होतं ते चांगलं ठळक करून दिलं. एसटीच्या टपावरून तसबीर आली. आम्ही कागद फाडला. देशाचे संस्थापक आमच्याकडे असे बघत होते, जणू आत्ताच आंघोळ करून, लिंगपूजा आटोपून बाहेर आलेत.

"हे काय?" सचिव म्हणाले. सचिव निवृत्त ग्रामसेवक. त्यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द आवक-जावक क्रमांक घेऊनच निघतो.

"पट्टे काचेवर होते," मित्र म्हणाला. "आता कागदावर आले."

"म्हणजे ते आता निघणार नाहीत?"

"पुसून पाहिलं. नाक निघायलं, पट्टे न्हाई."

त्याच दिवशी तातडीची बैठक झाली. विषय एकच, देशाचे संस्थापक देव मानत होते का. विद्वानांना हा प्रश्न गेली कितीतरी वर्षं पुरून उरला आहे. आमच्या बैठकीला चहा येईपर्यंत तो सोडवायचा होता.

"ते नास्तिक होते," सचिव म्हणाले. "जगजाहीर आहे."

"खोटं," आमचे एक शेतकरी सदस्य म्हणाले. गावात सगळे त्यांना दादा म्हणतात. "माझ्या आज्यानं त्यांना नांदेडच्या सभेला बघितलं होतं. मंदिराम्होरून जाताना हात जोडले होते त्यांनी."

"मंदिराला जोडले का लोकांना?"

"आज्या मागं उभा होता. त्याला हात दिसले, तोंड न्हाई दिसलं."

"दादा, तुम्ही पंचायतीला उभे होता तेव्हा म्हशीलाही हात जोडत होता."

"म्हैस पाटलाची होती," दादा म्हणाले, आणि या खुलाशावर सगळ्यांचं समाधान झालं.

मग दादांनी तोडगा काढला. भस्म आहे तसं राहू द्यावं, मधोमध गंधाची उभी रेघ ओढावी, म्हणजे कुणाची तकरार राहायची नाही. सचिव म्हणाले की या हिशेबाने जत्रेपर्यंत देशाच्या संस्थापकांच्या तोंडावर बघायला जागा उरणार नाही. शेवटी सगळे माझ्याकडे वळले.

"सर, तुम्ही पुस्तकं वाचलीत. तुम्हीच फैसला सांगा."

मी घरी जाऊन पुन्हा सगळं उघडून बसलो. माझ्याकडे त्यांची तीन चरित्रं आहेत. एकात ते पक्के अश्रद्ध आहेत. दुसऱ्यात ते बाहेरून अश्रद्ध आणि आतून भाविक आहेत. आत काय होतं ते चरित्रकाराला कसं कळलं हे त्याने सांगितलेलं नाही. तिसऱ्यात ते इतके उदात्त आहेत की त्यांना देवाची गरज नाही, उलट देवालाच त्यांची असावी. तिन्ही वाचून मला एवढं पक्कं कळलं की पहिला लेखक स्वतः अश्रद्ध आहे, दुसऱ्याची आई भाविक असावी, आणि तिसऱ्याला पुरस्कार हवा आहे. पुढाऱ्यांबद्दल होतो तिथेच राहिलो.

मी बैठकीत तसं सांगितलं. ते कुणाला आवडलं नाही. निकाल न देणारा पंच आमच्याकडे कबड्डीतही चालत नाही. मग सचिवांनी ठराव मांडला: मोठी तसबीर परत पाठवावी, जुनी लहानच लावावी, काच स्वच्छ करावी, आणि 'प्रतिमेचे कपाळ कायम कोरे राहील.' ठराव मंजूर झाला. मित्र खाली बघत होता.

बाहेर आल्यावर त्याने माझा हात धरला. "अव्वाला तुम्ही सांगा सर. आप्पांनी ठेवले तसे ते ऱ्हानार न्हाईत, हे माझ्या तोंडून निघायचं न्हाई."

आम्ही गेलो. अव्वा ओट्यावर ज्वारी पाखडत बसली होती. आप्पा गेल्यावर तिचं कुंकू गेलं होतं, पण कपाळावर भस्म ताजं होतं. ते तिला लग्नात मिळालेलं नव्हतं, त्यामुळे आप्पांबरोबर गेलंही नव्हतं. मी ठराव सांगितला. जमेल तेवढा मऊ करून सांगितला, तरी ठराव तो ठरावच.

"मास्तर, ते देव मानत न्हवते का?" तिने विचारलं.

"काही म्हणतात मानत होते, काही म्हणतात नव्हते."

"ह्यांनी कदी इचारलं न्हाई," ती म्हणाली आणि सूप आपटलं. "ह्यांचं त्यांच्यासंगं वेगळंच होतं. सरकारचा राग आला की ह्यांनी त्यांना भस्म लावायचं न्हाई. महादेवाला लावायचं, नंदीला लावायचं, त्यांना तसंच कोरं ठेवायचं. पीक इकलं तर भांडी इकतेत. तुरीला भाव आला न्हाई की ह्ये रुसले."

"पण अव्वा, ते पुढारी तर केव्हाच वारलेत."

"म्हनून काय झालं? देश त्यांनीच काढला ना? मग तकरार कुनाकडं करायची?"

या युक्तिवादाला माझ्या तिन्ही चरित्रांत उत्तर नाही.

"मग असं समज, अव्वा," मित्र चाचरत म्हणाला, "का आप्पा रुसलेत."

अव्वाने सुपातला एक खडा वेचून टाकला. "समजंन," ती म्हणाली. "पर ह्यांचा रुसवा बाजाराच्या दिवसापत्तोर असायचा. गिऱ्हाईक यायच्या आत मिटवायचे. तुमचा ठराव कवापत्तोर हाय?"

"कायम," मी म्हणालो.

"एवढं तर ह्ये माज्यावरबी कदी रुसले न्हवते," असं म्हणून तिने पदर तोंडाला लावला. हसली की काय ते मला नीट दिसलं नाही. मित्राला दिसलं असावं, कारण तिच्या पुढ्यातलं सूप ओढून घेऊन तो स्वतःच पाखडायला बसला.

कार्यक्रम ठरला. प्रमुख पाहुणे नांदेडहून आले. निवृत्त प्राध्यापक. पुढाऱ्यांची अश्रद्धा हा त्यांचा आयुष्यभराचा विषय, आणि त्या विषयावर ते सत्काराचा नारळ हातात असतानाही घणाघाती बोलतात अशी ख्याती. सचिवांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. तसबीर टेबलावर ठेवली होती. काच लखलखत होती, कपाळ कोरं होतं, खाली पितळी पट्टीवर आप्पांचं नाव होतं. अव्वा पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती.

सूत्रसंचालकाने नेहमीचं वाक्य म्हटलं, "आता पाहुण्यांच्या शुभहस्ते प्रतिमापूजन." नेहमीचं ताट पुढे आलं. पाहुण्यांनी हार घातला, उदबत्ती ओवाळली, करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि कोऱ्या कपाळाच्या बरोबर मधोमध टेकवलं. मग नारळ फोडला. हे सगळं त्यांनी इतक्या सहज केलं, की टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या. सचिवांचे हात मात्र टाळी होता होता हवेतच राहिले.

त्यानंतर पाहुणे पुढाऱ्यांच्या अश्रद्धेवर बोलले. बोलले खरोखर चांगलं. मागे पुढारी लाल टिळा लावून ऐकत होते. सभागृहात एकही माणूस पाहुण्यांकडे बघत नव्हता.

भाषण संपलं. कुणाला काही विचारायचं आहे का, असं विचारलं. विचारायचं असतं ते विचारू नये अशी आमच्याकडे रीत आहे. अव्वा उठली.

"पावनं, लई झ्याक बोललात," ती म्हणाली. "येवढं कुंकू तुमीच लावलात ना?"

पाहुण्यांनी वळून पाहिलं. मग बोटाकडे पाहिलं. बोट लाल होतं.

"अहो आजी, ती आपली पद्धत आहे," ते म्हणाले. "तिचा श्रद्धेशी काही संबंध नाही."

"हाव, आमचीबी पद्धतच हाय," अव्वा म्हणाली आणि खाली बसली.

पाहुणे मोठ्याने हसले. माणूस दिलदार होता. चहाच्या वेळी त्यांनी सचिवांना बाजूला घेऊन सांगितलं की कोऱ्या कपाळाचा ठराव करणारे तुम्ही, आणि मोडणारा मी. तेव्हा आता त्या बाईंना भस्म लावायचं असेल तर कुणी अडवू नये. सचिवांनी ठराव रद्द केला नाही. त्यांच्या हयातीत कुठलाच ठराव रद्द झालेला नाही. पण आमचा बाजार भरतो त्या दिवशी ते वाचनालयात यायचे बंद झाले. भाजी घ्यायची असते, असं सांगतात.

त्या दिवशी अव्वा येते. तिला वाचता येत नाही, तरी आधी वर्तमानपत्र उलटसुलट करून ठेवते, वाचनालयाचा मान म्हणून. मग मी स्टूल धरतो आणि ती तीन बोटं काचेवरून ओढते. उतरून आप्पांच्या नावाच्या पट्टीवर पदराचा शेव फिरवते आणि जाते.

परवाच्या बाजाराला ती आली, वर्तमानपत्र ठेवलं, तसबिरीसमोर उभी राहिली. मी स्टूल पुढे सरकवलं.

"ऱ्हाऊ द्या मास्तर," ती म्हणाली. "तुरीला भाव न्हाई. आज ह्यांनी लावलं नसतं."

काच ओल्या फडक्याने पुसून ती निघून गेली. भाजीची पिशवी घेऊन सचिव नेमके त्याच दिवशी आत डोकावले. कोऱ्या कपाळाकडे समाधानाने बघत म्हणाले, "पाहिलंत सर, उशिरा का होईना, ठराव लागू झाला."

मी हाव म्हटलं.