डाव्या हाताचं खुरपं

खुरपं निवडण्यात मला कुणी फसवून दाखवावंच. दुकानदारानं दहा खुरपी पुढ्यात टाकली की मी एकेक उचलून दगडावर हलकं आपटते. टण्ण वाजलं तर पोलाद, ठप्प वाजलं तर नुसता पत्रा. मग मूठ बघते. ती बाभळीची हवी, बिनगाठीची, आणि पात्याचं शेपूट मुठीतून आरपार जाऊन मागं वळवलेलं हवं. नुसतं खुपसलेलं असलं तर महिन्याभरात मूठ हातात आणि पातं मातीत. वर हिरवा रंग फासलेला असेल तर मी हातसुद्धा लावत नाही. रंगाखाली काय दडवलंय कुणास ठाऊक!

एवढी मी हुशार, आणि तरी धाराशिवात आमच्या घरामागच्या परसात चांगली नऊ खुरपी पडली होती. एकही धड चालेना. अर्धा वाफा झाला की मनगटातून कळ निघायची, तळहाताला फोड यायचे. मी खुरप्याला शिव्या घालायची आणि नवं आणायची. पुण्याहून लेकानं हातमोज्यांसकट अख्खा संच मागवून पाठवला. त्यातलं खुरपं आमच्या काळ्या मातीत दुसऱ्याच दिवशी वाकलं. हातमोजे तेवढे चांगले निघाले, चुलीवरची भांडी उतरवायला.

आमचे मालक एसटीतून निवृत्त झालेले. त्यांना दिवसभर कुणाची तरी फिरकी घ्यायला लागते, आणि घरात मी एकटीच. "तुझ्या खुरप्यांचं प्रदर्शन मांडू," म्हणायचे. पण यंदा मनगट असं सुजलं की भाकरी थापता येईना, तेव्हा ते गंभीर झाले. डॉक्टरांनी हाताला विश्रांती सांगितली. मालकांनी त्याचा अर्थ लावला की परसात फरशी टाकायची. "शहाबादी टाकून घेऊ. लेकाची गाडी लावता येईल, तू खुर्ची टाकून बस निवांत." फरशीवाल्यानं फाटकाशी वाळूसुद्धा आणून ओतली.

त्या वाळूकडं बघून मला रडू यायचं. आता परस म्हणजे काय मोठा मळा नव्हे. मेथी-कोथिंबिरीचे तीन वाफे, थोडी वांगी, मिरच्या, एक शेवगा. पण सकाळी तिथं बसले की मला कुणाची हाक ऐकू येत नाही, आणि आयुष्यात तेवढंच माझं स्वतःचं आहे. शेवटी मी तावातावानं बोलून बसले, "आठ दिवस द्या. चांगलं खुरपं न्हाय मिळालं तर टाका फरशी." बोलले खरी, पण मग परसात पडलेली नऊ खुरपी आठवली.

त्याच आठवड्यात, हाताची सूज जरा उतरल्यावर, आम्ही येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला गेलो. परत येताना बसथांब्याजवळ हायवेच्या कडेला एक लोहार नवरा-बायको भट्टी पेटवून बसलेले दिसले. तो सांडशीनं लाल लोखंड धरायचा आणि ती घण मारायची. शेजारी ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचा ढीग होता. पाट्याचं पोलाद म्हटल्यावर मी तिथंच बसकण मारली आणि माझी परीक्षा सुरू केली.

"मावशी, लई कडक तपासणी हाय तुमची," लोहार हसला.

सगळी खुरपी पास झाली. त्यातलं एक घेऊन मी कडेचं गवत काढायला लागले, तर मनगटात तीच कळ. मी खुरपं खाली टाकलं. लोहारीण घण टेकवून माझ्याकडं बघत होती.

"मावशी, परत काढा बरं ते गवत."

मी काढलं.

"अवो, तुम्ही तर डावऱ्या!"

"जन्मापासनं. त्याचं काय?"

"मग उजव्या हाताचं खुरपं कशाला घेताय?"

तिनं खुरपं माझ्यासमोर धरलं. पात्याला एका बाजूला बाक असतो. उजव्या हातात धरलं की पातं आपोआप जमिनीला चिकटतं. डाव्या हातात ते उताणं पडतं, आणि मग ते सरळ करायला आपण मनगट पिळत बसतो. डावऱ्या माणसासाठी बाक उलटा काढायचा असतो, एवढंच.

अगं बाई! मी साठीची बाई. लहानपणी तेर गावी बापाच्या रानात खुरपलं, लग्नानंतर सासरच्या रानात. माझी ओळ कायम सगळ्यांच्या मागं. माहेरी मी आळशी पोरगी होते, सासरी कामचुकार सून. हात डावा आहे हे मला ठाऊक होतं, पण खुरपंही डावं-उजवं असतं हे कुणी सांगितलं नाही. घरात जे असेल ते हातात द्यायचे आणि मी घ्यायची. पातं वाजवून बघणारी मी, बाक कुठल्या बाजूला आहे हे कधी बघितलंच नाही. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही.

"धूर लागला का?" लोहारणीनं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

तिनं माझ्यासमोर डावं खुरपं घडवलं. तोवर दोन बस गेल्या आणि मालक टपरीवर बसून धुसफुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी माझे दोन वाफे झाले. कळ नाही, फोड नाही. मालक बाहेर आले, वाफ्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "आण इकडं." खुरपं उजव्या हातात घेऊन मिरच्यांत बसले. पातं मातीवरून नुसतं घसरायला लागलं. तिसऱ्या हिसक्याला गवत तसंच आणि मिरचीचं रोप मुळासकट वर!

"कसलं हे खुरपं! हात मोडतंय."

"असू द्या, ओळ तरी पुरी करा," मी म्हणाले. मला लई मजा वाटत होती.

हट्टी माणूस, अर्धी ओळ खुरपलीच. मग उठले, लाल झालेला तळहात चोळला आणि फरशीवाल्याला फोन लावला. "फरशी नगं. व्हय, कायमची नगं." मला नाचावंसं वाटलं.

फोन ठेवून ते बांधावर टेकले. लाल तळहात माझ्यापुढं धरला.

"तुला रानात असं रोज व्हायचं?"

"रोज."

"आन् एवढ्या वर्षांत एकदा बी बोलली न्हाईस?"

"काय बोलणार? मला वाटायचं, मीच आळशी हाय."