एका पिंजऱ्यात दोन बाळंतिणी

संशोधन संस्थेच्या प्राणिघरात ती कामाला लागली तेव्हा तिची मुलगी सात महिन्यांची होती आणि उंदरांची तिला मनस्वी किळस होती. पण नोकरी कायमची होती, घरापासून चालत दहा मिनिटांवर होती, म्हणून नाक दाबून तिने हो म्हटलं. पुढे एकतीस वर्षं ती तिथेच राहिली. निवृत्त होईपर्यंत अख्खी संस्था तिला उंदीरमावशी म्हणत होती आणि तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

अजूनही दुपारच्या चहाला बसलं की तिला तळमजल्यावरची ती लांबट खोली आठवते. लाकडाचा भुसा, फिनेल आणि त्याखालचा उंदरांचा उग्र, कोमट वास. दोन्ही भिंतींना लोखंडी मांडण्या, त्यांवर पिंजरे, प्रत्येकाला उलटी लावलेली पाण्याची बाटली. सकाळी तिने दार उघडलं की सगळी खुसखुस एकदम थांबायची. "मीच आहे गं," असं ती म्हणाली की पुन्हा सुरू.

घरी मोठी जाऊ होती. तिचा मुलगा नऊ महिन्यांचा. नोकरीचं ठरलं तेव्हा जाऊ म्हणाली होती, "जा तू खुशाल. एकाला पाजते तशी दोघांना पाजीन." आणि खरंच पाजत होती.

संस्थेतल्या मॅडम तेव्हा एकच गोष्ट बघत होत्या: दोन माद्या एका पिंजऱ्यात व्याल्या तर पिल्लं कशी वाढवतात. त्यांनी दोन बहिणी एकत्र ठेवल्या होत्या. कार्डावर त्यांचे नुसते आकडे होते. हिने आपली त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायला सुरुवात केली.

थोरली आधी व्याली. सहा पिल्लं, बोटाच्या पेराएवढी, गुलाबी. पोटात गेलेलं दूध कातडीतून पांढरं दिसायचं. धाकटीचे दिवस भरत आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हिने पिंजरा उघडला तर दोन पिल्लं चावून मेलेली, आणि धाकटीच्या मिशांना रक्त.

"पोटुशी मादी कधीकधी असं करते," मॅडम म्हणाल्या. "तिची येतील त्यांना जागा हवी, दूध हवं."

"मग वेगळ्या करू का दोघींना?"

"नाही. पुढे काय होतं तेच तर बघायचंय."

त्या दिवशी तिला डबा गेला नाही.

दोन दिवसांनी धाकटी व्याली. तिला सात झाली. दुसऱ्या सकाळी बघते तर घरटं एकच, आणि त्यात अकराच्या अकरा पिल्लं एकमेकांवर चढून पडलेली. कुठलं कुणाचं ते कळावं म्हणून मॅडमनी पिल्लांच्या पाठीवर शाईचे ठिपके दिले होते, थोरलीच्यांना काळे, धाकटीच्यांना जांभळे. आया ते चाटून टाकायच्या, रोज नवे द्यावे लागायचे. जी मोकळी असेल ती अंग टाकायची आणि जे पिल्लू येईल त्याला पाजायची. ठिपका बघतंय कोण!

साधारण त्याच आठवड्यात घरी ठिणगी पडली. ती कामावरून आली तर मुलगी रडून लालबुंद झालेली आणि जाऊ पाठ फिरवून पडलेली.

"ताई, हिला घेतलं नाहीत?"

"माझं दूध म्हणजे काय चौकातला नळ आहे? येईल त्याने तोटी सोडावी?"

"तुम्हीच म्हणालात ना, दोघांना पाजीन म्हणून."

"म्हणाले. तेव्हा माझी हाडं दिसत नव्हती."

मग अबोला. चार दिवस मुलगी शेजारणीकडे बाटलीवर राहिली, आणि एकाच स्वयंपाकघरात दोघी जणी भांडी आपटत वावरल्या.

पाचव्या दिवशी भुसा बदलताना तिचं लक्ष थोरलीकडे गेलं. केस विस्कटलेले, पाठीचा कणा वर आलेला. खायला बाहेर आली तरी दोन पिल्लं आचळांना लोंबकळत होती, दोन्ही जांभळ्या ठिपक्यांची. स्वतःची चारच, पण पाजत होती धाकटीच्या बरोबरीने.

"मॅडम, तुम्ही पिल्लांची वजनं करता," ती म्हणाली. "आयांची केलीत का?"

मॅडम स्वतः उठून काटा घेऊन आल्या. थोरली खरंच उतरली होती.

घरी गेल्या गेल्या तिने आधी जावेच्या मनगटाकडे पाहिलं. बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. रोजच्या घरातली गोष्ट, पण आपण कधी पाहिलीच नाही, याची तिला लाज वाटली. तिने ताट वाढलं, त्यावर दुधाचा पेला ठेवला आणि जावेसमोर आणून मांडलं.

"ताई, आधी तुम्ही जेवायचं. पाजणं तेवढं तुमचं. दोघांची आंघोळ, लंगोट, रडणं, निजवणं माझं. सकाळी जायच्या आधी आणि आल्यावर."

"आणि आंघोळ घालताना माझ्याच्या कानात पाणी गेलं तर?"

"तर माझीच्याही कानात घालीन."

जावेला हसू आवरेना. रुसवा मोडू नये म्हणून तिने तोंड वळवलं, पण हात मात्र मुलीसाठी पुढे केला.

तंटे संपले असं नाही. मुलगी शाळेत पहिली आली की जाऊ म्हणायची, "माझ्या दुधावर वाढलीय." उलट बोलली की म्हणायची, "तुझ्यावर गेलीय." पण दोन्ही पोरं दोघींना आईच म्हणत वाढली, आणि नोकरीसाठी दोघंही लांब निघून गेली. मागे राहिल्या या दोघी जावा.

मागच्या वर्षी प्राणिघर नव्या इमारतीत हलवलं. जुनी खोली पाडायच्या आधी ती जावेला घेऊन गेली. इतक्या वर्षांत जाऊ तिथे पहिल्यांदाच येत होती. पिंजरे गेले होते, मांडण्या होत्या. तिने थोरली-धाकटीची जागा दाखवली आणि सगळी हकिकत सांगितली, चावलेल्या पिल्लांसकट.

जाऊ त्या फळीपाशी वाकली. "आणि ती थोरली? मेली का खंगून?"

"नाही. पिल्लं सुटी झाल्यावर पुन्हा भरली अंगाने."

"मग त्या दुसरीशी नीट राहिली?"

"एकमेकींवर मान टाकून झोपायच्या."

"मुकी जनावरं ती," जाऊ म्हणाली. "बोलता येत नाही म्हणून निभलं."

आणि बाहेर पडताना दारापुढच्या पायऱ्या उंच होत्या म्हणून तिने धाकट्या जावेचा दंड धरला.