बिनवायरचा हेडफोन

बिनवायरचा हेडफोन नवऱ्यानं स्वतःहून आणला, आणि मी मूर्खासारखी खूश झाले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्यानंच सगळा दोष त्या हेडफोनवर ढकलला.

लग्नाआधी मी तुमसरला एका खासगी शाळेत गणित शिकवायची. लग्न होऊन कोंढ्याला आले आणि त्यानंतर चार वर्षं मला कोणी मॅडम म्हटलं नाही. सूनबाई झाले, वहिनी झाले, 'ऐकलं का' झाले. मग एक जाहिरात दिसली: घरूनच कॉम्प्युटरवर लहान मुलांना गणित शिकवायचं. आधी आठ दिवसांचं प्रशिक्षण, रोज अकरा ते एक. शेवटच्या दिवशी शिकवणाऱ्या बाई अचानक कोणालाही हाक मारणार, आणि जिला हाक मारली तिनं तिथल्या तिथं एक उदाहरण समजावून दाखवायचं. दोन हाकांना उत्तर नाही आलं, तर नाव कटलं. कॉम्प्युटर माझा होता, माहेरून आणलेला. बीएड होतं. आवाजही चांगला. मला ती नोकरी इतकी हवी होती की मी नारळ बोलून बसले.

घरात कोणी नाही म्हटलं नाही. आमच्याकडे नाही म्हणतच नाहीत. मामीजी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या की कर बापा, फक्त मजुरांचा डबा एक वाजता वावरात पोचला पाहिजे. धानाची मळणी चालू होती, आठ माणसांचा स्वयंपाक, आणि तो अकरा ते एकमध्येच व्हायचा. यावर नवऱ्यानं तोडगा काढला. पवनीहून तो हेडफोन घेऊन आला आणि म्हणाला, "हा कानाले लाव. भाजी फिरवता फिरवता आयकत जा." मला वाटलं, किती समजूतदार माणूस आहे. खरंच वाटलं हो.

पहिल्याच दिवशी गोंधळ. कॉम्प्युटरसमोर बसले की आवाज खणखणीत. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर शब्द तुटायचे आणि गॅसपाशी पोचले की सगळं गुपचूप. बाई सांगायच्या, अपूर्णांक शिकवताना सगळ्यांत आधी मुलाला विचारा... काय विचारा? ते कधीच कळायचं नाही. मी हळदीचे हात घेऊन परत धावायची, तोवर बाई पुढच्या मुद्द्यावर. पाकिटावर दहा मीटर लिहिलं होतं. माझ्या खुर्चीपासून गॅस चौदा पावलांवर, मी मोजली होती, दहा मीटरच्या आतच. म्हणजे दोष मशीनमध्येच असणार, असं मी धरून चालले.

मग लागले मागे. ब्लूटूथ बंद करून चालू केलं. हेडफोन यादीतून काढला आणि नव्यानं जोडला, तीन वेळा. कॉम्प्युटरच्या मागे नखाएवढं ब्लूटूथचं बटन खोचलेलं होतं, ते या खाचेतून त्या खाचेत लावलं. त्याचा जुना ड्रायव्हर काढून नवा उतरवला. वीज वाचवायला ब्लूटूथ आपोआप बंद होऊ द्यायचं, अशी एक खूण सेटिंगमध्ये असते, ती पुसली. प्रत्येक वेळी समोर बसून तपासलं की चालायचं, आणि गॅसपाशी गेलं की मेलं.

चौथ्या दिवशी भलतंच. बाई भागाकार सांगत असताना कानात धाडकन ढोलकी सुरू झाली. नवरा वावरातून आला होता, आणि त्याच्या फोननं माझा हेडफोन ओढून घेतला होता. तो ओट्यावर बसून व्हिडिओ पाहत होता. विचारलं तर म्हणे मी हात बी नाही लावला. हात कशाला लावायला हवा? आदल्या दिवशी त्यानंच तो आपल्या फोनला जोडून गाणी ऐकली होती. त्याच्या फोनमधून हेडफोन काढून टाकला, तर दिवसभर तोंड पाडून बसला. माझ्या कानातलं एक यंत्रसुद्धा या घरात माझं एकटीचं नव्हतं.

सातव्या दिवशी मी हट्टानं पवनीच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा माणूस. त्यानं माझी सगळी खटपट ऐकून घेतली, कॉम्प्युटर पाहिला, हेडफोन कानाला लावला आणि गॅसपर्यंत चालत गेला. परत येताना त्यानं मधल्या कोठीवर बोटं वाजवली. माणसाच्या उंचीची टिनाची कोठी, नव्या धानानं काठोकाठ भरलेली, कॉम्प्युटर आणि स्वयंपाकघराच्या बरोबर मध्ये. पत्रा आणि धान मिळून सिग्नल खाऊन टाकतात, म्हणाला. ही हटवा. मामीजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कोठीपासून दोन पावलं मागे झाला. भरलेली कोठी रिकामी होईस्तोवर हलवायची नाही, ही आमच्या घरची रीत. मग तो म्हणाला की ते बटन लांब वायरनं कोठीच्या पलीकडे काढता येईल, उद्या संध्याकाळी वायर आणून देतो. माझी परीक्षा उद्या अकराला होती.

जाताना तो चप्पल घालता घालता म्हणाला, "वहिनी, मशीन बी बरोबर आहे, हेडफोन बी बरोबर आहे. तुम्ही इथं बसून आयका, बस्स."

सात दिवस मी ड्रायव्हर बदलत होते, आणि उपाय हा होता. बसायचं. चार वर्षांत त्या घरात दिवसाउजेडी दोन तास एका जागी बसलेली मला मी आठवत नव्हते.

आठव्या दिवशी सकाळी सांगितलं, आज मी उठणार नाही. "बस ना, कोन नाही म्हणते," मामीजी म्हणाल्या. पहाटे उठून भाजी, पोळ्या सगळं करून ठेवलं होतं. फक्त भात उरला होता, तो गरम लागतो. तेवढा मामीजी पाहणार होत्या. बाराच्या सुमारास झाकण वाजायला लागलं. मामीजी अंगणात पाखडत होत्या. त्यांनी मला हाक मारली नाही. खोटं कशाला बोलू? मला कोणी ओढून नेलं नाही. मीच उठले. झाकण काढलं, पाणी घातलं, आच कमी केली, दोन मिनिटं. कानात हेडफोन होताच, गुपचूप.

परत आले तर माझ्या खुर्चीवर निवडायच्या तांदळानं भरलेलं सूप ठेवलेलं. ते मांडीवर घेऊन बसले आणि एक वाजेपर्यंत हाकेची वाट पाहिली. हाक आलीच नाही. मला वाटलं, आपली पाळी राहिली असेल.

संध्याकाळी निरोप आला, निवड नाही. सोबत वर्गाची चित्रफीत होती, ती पाहिली. बाई मला हाक मारतात. मॅडम, तुम्ही सांगा. पडद्यावर माझी रिकामी खुर्ची. मामीजी येतात, जागा दिसते, सूप टेकवतात, जातात. मॅडम, ऐकू येतंय का? वीस बायका त्या सुपाकडे बघतायत. मग बाई पुढच्या नावाकडे वळतात. चार वर्षांनी कोणी मला मॅडम म्हटलं, आणि तेही मी चित्रफितीत ऐकलं.

नवरा म्हणाला, हेडफोनच भंगार निघाला, याच्याहून भारी आणून देतो. मामीजी म्हणाल्या, नशिबात नव्हतं. मला इतका संताप आला की मी त्या दिवशी जेवलेच नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

या उन्हाळ्यात दुसऱ्या एका ठिकाणी अर्ज केला. पुन्हा तसंच प्रशिक्षण, तीच अकराची वेळ. या वेळी मी स्वतः पवनीला गेले आणि सगळ्यांत साधा, वायरवाला हेडफोन घेतला. दुकानदार लांब वायरचा दाखवत होता. मी दीड हाताच्या वायरचा मागितला.

घरी आल्यावर मामीजींनी वायर हातात धरून ताणून पाहिली. "इतकुशी? यानं तं तुले जागेवरून उठताच नाही येनार."

"तेच पाहून आणला, मामीजी."