तीन लांब, चार आखूड

नांदेड सोडलं तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि स्टिअरिंगवर माझे दोन्ही हात घामाने ओले झाले होते. मी काही पट्टीचा ड्रायव्हर नाही. मोबाइलच्या टॉवरसाठी जागा पाहणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी सर्वेक्षणाचं काम करतो. डोंगर चढायचा, मोजमापं घ्यायची, खाली यायचं. चढायचं काम शेठनी घेतलेली डिझेलची फोर-व्हील जीप करते आणि ती जीप दत्ता चालवायचा. दत्ताला आम्ही आठ दिवसांपूर्वी काढून टाकलं होतं, म्हणून गाडी दुरुस्तीसाठी हैदराबादला न्यायची पाळी माझ्यावर आली.

गाडी परदेशी बनावटीची. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा आहे. वर्षभर तो कधी लागला नव्हता. दसरा झाल्यावर चार दिवसांनी माहूरच्या घाटात तो लागला आणि गाडीतला जीवच गेला. पाय कितीही दाबा, चाळिसाच्या वर पळेना. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की ठीक, मग पुन्हा तेच. नांदेडच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि "यात कॉम्प्युटर आहे, आपलं काम नाही" म्हणून बंद केलं. जाताजाता एवढंच म्हणाला की बहुतेक डिझेलमध्ये रॉकेल गेलं असावं.

एवढं बोलणं शेठना पुरलं. डिझेल काढून विकायचं आणि टाकीत रॉकेल घालायचं, असले धंदे करणारे ड्रायव्हर त्यांनी आधी पाहिले होते. त्यांनी दत्ताला ऑफिसात बोलावलं आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "मुळे, तुम्ही रोज बसता गाडीत. रॉकेलचा वास येतो की नाही?" मी म्हणालो, येतो. दिवाळी तोंडावर असताना दत्ता घरी गेला.

नरसीपर्यंत दिवा लागला नाही. रस्त्यावर लोकांनी सोयाबीन वाळत घातलं होतं, त्यावरून गाडी नेताना कुणी ओरडेल म्हणून मी जीव मुठीत धरून होतो. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. बरोबर कुणी असतं तर म्हणालो असतो, काय सुंदर दिसतंय. पण माझे डोळे रस्त्यापेक्षा त्या दिव्याकडेच जास्त होते.

देगलूर मागे पडलं, पाट्यांवरची मराठी संपून तेलुगू सुरू झाली आणि मदनूरच्या पुढे एका चढावर दिवा लागला. मागून ऊस भरलेला ट्रक येत होता. मी पाय दाबतोय आणि गाडी रांगतेय. ट्रकवाल्याने कर्णा वाजवून वाजवून मला रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरवलं. समोरच्या चहाच्या टपरीवरचे म्हातारबाबा उठून आले.

"आगिपोयिंदा?" (बंद पडली का?) त्यांनी विचारलं आणि माझा चेहरा पाहून मराठीत आले. "बसा, बसा. मशीनला बी दम लागते. चा घ्या."

चहा घेतला. चहात आलं इतकं होतं की डोळ्यांत पाणी आलं. पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली, दिवा गेला. म्हातारबाबांनी हात जोडून आकाशाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

असं करत करत, तीनदा थांबून, दुपारी चारला हैदराबादेत शिरलो. त्या शहरातली गर्दी मी दोन-चार वेळा बसमधून पाहिली होती. तिच्यात स्वतः गाडी घालायची म्हणजे वेगळंच. तिथे समोरून येणारा थांबत नाही आणि शेजारून जाणारा बघत नाही. स्कूटरवाले गाडीच्या आरशाला कोपर लावून पुढे जात होते. सिग्नलला मधोमध गाडीने मान टाकली तर काय, या विचाराने मी प्रत्येक चौकात आधी डॅशबोर्डवरचा दिवा पाहत होतो. अंबरपेठेत मावसभावाच्या दारात गाडी लावली तेव्हा शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता.

मावसभाऊ कामावर होता. वंदनावहिनी लग्नानंतर इथेच रुळल्या, मराठीत अर्धं हैदराबाद घेऊन बोलतात. मला न विचारताच त्यांनी ताट वाढलं.

"भाऊजी, अजून जरा पप्पू घ्या ना (डाळ). इतकं टेन्शन कायकू? गाडीच तर आहे, लाइट घ्या हो." (मनावर घेऊ नका.)

मी त्यांना दत्ताची गोष्ट सांगितली. माणूस चोर निघाला, वगैरे. वहिनी भात कालवायच्या थांबल्या.

"मग आता ड्रायव्हर गेला, तर दिवा का लागते?"

मी म्हणालो, एकदा मशीन बिघडलं की बिघडलं. त्या पुन्हा भात कालवू लागल्या. त्यांना यातलं काय कळतं, असं मी मनात म्हणालो, पण भात तसाच ताटात ठेवून उठलो.

गॅरेज त्यांच्याच घरापासून जवळ, पत्र्याच्या शेडमध्ये. मालक आणि मेकॅनिक एकच, अन्वरभाई. पन्नाशीचे, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. आखातात दहा वर्षं याच जातीच्या गाड्या दुरुस्त करून आलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा ते खिचडी आणि खट्टा (तीळ-चिंचेचं आंबट कालवण) खात होते. मलाही बसवलं. मी दोन घास खाल्ले आणि दिव्याचं पुराण सुरू केलं. रॉकेल, दत्ता, वास, सगळं.

"ठैरो," ते म्हणाले. "तुम नक्को बोलो. गाडी कू बोलने दो."

त्यांनी डॅशबोर्डखाली हात घालून एक चौकोनी प्लग शोधला आणि वाकवलेल्या तारेने त्याची दोन छिद्रं जोडली. किल्ली अर्धी फिरवली. इंजिन बंद, आणि तो पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

"लंबा जला तो दस, छोटा जला तो एक," अन्वरभाई म्हणाले. "तुम बी गिनो, मैं बी गिनता."

लांब, लांब, लांब. मग जरा थांबून आखूड चार. पुन्हा तेच. मी बोटांवर मोजत होतो. तीन लांब, चार आखूड. त्यांनी भिंतीवरचा तेलकट तक्ता पाहिला. चौतीस म्हणजे इंधनाचा दाब कमी.

मला इतकं हायसं वाटलं की आजही त्याची लाज वाटते. दाब कमी, म्हणजे डिझेल खराब, म्हणजे दत्ता. माझा शब्द खरा ठरला. मी म्हणालो, "भाई, हेच कागदावर लिहून द्या, मी निघतो."

अन्वरभाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "कोड झूठ नै बोलता मियाँ, पर पूरा बी नै बोलता. इनो इत्ताच बोलरा कि दरद इधर है. कायकू है, वो अपन कू ढूंडना."

त्यांनी फिल्टर काढून त्यातलं डिझेल काचेच्या बाटलीत ओतलं आणि उन्हात धरलं. स्वच्छ. मी घाईने म्हणालो की हे डिझेल मी परवा भरलेलं आहे, जुन्याचा यात पुरावा नाही.

"हौ," ते म्हणाले. "तो मिलावट का डीझल कबका जल गया. फिर बत्ती कायकू जलरी?"

काल वहिनींनी हेच विचारलं होतं.

त्यांनी कोड पुसला, इंजिन सुरू केलं आणि बॉनेटमध्ये वाकून एकेक वायर बोटाने हलवायला सुरुवात केली. मला आत बसवून दिव्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. एक वायर हलवली, काही नाही. दुसरी, काही नाही. तो अर्धा तास मला दिवसाएवढा वाटला. दिवा लागू नये असं वाटत होतं आणि लागावा असंही वाटत होतं. मग त्यांनी पंपाजवळची, इंधनाचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची वायर जराशी हलवली आणि दिवा लागला. इंजिनाचा आवाज बसला.

"मिल गया," ते म्हणाले.

मी खाली उतरलो. त्यांनी त्या वायरीचा जोड उघडला. आत पितळी पिना हिरव्या पडल्या होत्या, त्यावर चिकट थर, थरात थोडा लालसर रंग आणि चार-पाच मेलेल्या मुंग्या. अन्वरभाईंनी करंगळीने ते उचललं, नाकाशी धरलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"डीझल पे च्यूँटी नै आती. नारियल फोडे क्या इसपे?"

माझे कान तापले. खंडेनवमीला आमच्या ऑफिसात सगळ्या हत्यारांची पूजा होते. कोन मोजायचा थिओडोलाइट, टेप, कॅल्क्युलेटर, सगळ्यांना हळदकुंकू. गाडीची पूजा त्या वर्षी मी केली. लोक चाकापाशी नारळ फोडतात, पण मला वाटलं, खरं काम तर इंजिन करतं, मग चाकाला मान कशाला? बॉनेट उघडून मी नारळ फोडला आणि पाणी इंजिनवर ओतलं, वरून हळदकुंकू. दत्ता शेजारी उभा होता. "साहेब, आत पाणी नका ओतू," म्हणाला होता. सणाच्या दिवशी अपशकुन करू नकोस, असं मी त्याला सुनावलं होतं.

हे सगळं मी अन्वरभाईंना मोडक्या हिंदीत सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. ब्रशने पिना घासत म्हणाले, "वो ड्रायवर के बच्चे कित्ते?"

"दोन मुली," मी म्हणालो.

त्यांनी जोड साफ केला, वाळवला, ग्रीस लावून बंद केला. उप्पलपर्यंत दोन फेऱ्या मारल्या. दिवा लागला नाही. मग कागद पुढे घेऊन त्यांनी विचारलं, "क्या लिखूं?" मला मोह झाला. "कोड चौतीस, दुरुस्त केला" एवढं लिहिलं असतं तरी ते खोटं नव्हतं, आणि शेठनी त्यातून हवा तो अर्थ काढला असता. मी म्हणालो, "पूरा लिखो." आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.

काचीगुडा स्टेशनजवळच्या एसटीडी बूथमधून शेठना फोन लावला. बाहेर लोक गाडीच्या वेळेने पळत होते, आत पंखा नव्हता.

"काय निघालं? दत्त्याच ना?" शेठनी विचारलं.

मी नारळाचं सांगितलं.

"मुळे, तुम्ही तर वास येतो म्हणालात."

"येत नव्हता, शेठ. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, मी हो म्हणून बसलो."

"या तुम्ही परत. मग बघू," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

परतीच्या वाटेवर गाडी तक्रार न करता पळाली आणि मी मात्र मधूनमधून थांबत होतो. संगारेड्डीच्या पुढे एकदा, मांजरेच्या पुलापाशी एकदा. नोकरी राहील की जाईल याची भीती होतीच. पण दत्ताच्या दारात उभं राहायची भीती तिच्याहून मोठी होती. देगलूरला मराठी पाट्या दिसल्या तेव्हा घर जवळ आल्याचा आनंद होण्याऐवजी मी आणखी एकदा गाडी कडेला घेतली.

ऑफिसात न जाता मी सरळ दत्ताच्या घरी गेलो. तो दारात मुलीची वेणी घालत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शेठना फोन केल्याचंही सांगितलं. त्याने वेणी पुरी केली, रिबीन बांधली, मुलीला आत पाठवलं.

"शेठला सांगितलं, बरं केलं," तो म्हणाला. "जीप स्टँडवर कोण सांगणार? दहा दिवस झाले, मला कुणी एक फेरी देईना."

आम्ही दोघं स्टँडवर गेलो. बारा-पंधरा ड्रायव्हर होते. मी नारळाची गोष्ट सांगितली, दत्ताने चोरी केली नव्हती हे सांगितलं, मी खोटं बोललो हेही सांगितलं. नारळाला सगळे हसले, नंतर कुणी हसलं नाही. एकाने पुढे होऊन दत्ताच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

शेठनी दुसऱ्या दिवशी मला फार बोलून घेतलं, पण काढलं नाही. दत्ताला परत बोलावलं. तो आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मला म्हणाला, "साहेब, एक अट आहे. डिझेल भरताना दर वेळी तुम्ही खाली उतरायचं आणि शेजारी उभं राहायचं."

लोक मला विचारतात, हैदराबादला गेला होतात, काय काय पाहिलंत? मी खट्ट्याचं सांगतो, रहदारीचं सांगतो. या गोष्टीला आता बरेच महिने झाले. पंप आला की मी न सांगता उतरतो आणि टाकी भरेपर्यंत उभा राहतो. दत्ता तेवढा वेळ मीटरकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो.