चौपदरी फडकं

कपाट आवरताना आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं हाताला लागलं आणि नोएडातला तो रविवार आठवला. नवी नोकरी होती, अर्धवट बांधलेल्या सेक्टरमध्ये खोली होती, पण बोलायला कुणी नव्हतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी हिंडन नदीच्या काठाने एकटाच भटकायचो. उन्हाने घसा कोरडा पडला तेव्हा शेतातल्या हापशावर कपडे धुणारी एक म्हातारी म्हणाली, "बेटा, बिना उबाले मत पीना, पेट पकड़कर बैठोगे." मी हसून बाटलीच्या तोंडावर, आईने सोबत दिलेल्या या फडक्याची चौपदरी घडी धरली, आमच्या घरी पाणी गाळलं की झालं. रेती फडक्यावर राहिली, खालचं पाणी नितळ दिसलं, मी बाटलीभर प्यायलो. पुढे तीन आठवडे मुरडा आणि आव घेऊन खोलीत पडून होतो. डॉक्टर म्हणाले, अमीबा कापडाने अडत नाही. दारात कुणी आलं नाही, फक्त आईचं कार्ड आलं: पाणी गाळून पितोस ना? कडू गोळी गिळून मी उत्तर लिहिलं, हो, गाळूनच पितो. आता घरात पाणी शुद्ध करायचं मशीन आहे, आणि विचारणारं कुणी नाही.