मयत गरम हाय!

निजामाच्या राज्यात मी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. पंचनाम्याला डॉक्टरसाहेबांची पेटी घेऊन जायचं काम माझं. 'माणूस मेला कधी?' एवढाच सवाल, पण त्यावरून इतके किस्से जमले की लग्नाकार्यात लोक मला मुद्दाम मधे बसवतात. जेवायच्या आधी मात्र बोलू देत नाहीत!

*

ऐन वैशाखात चौसाळ्याच्या माळावर एक वाटसरू मरून पडला. आमच्या पोलीस ठाण्याच्या जमादारांनी प्रेताला हात लावला. "अंग गरम हाय! आत्ताच मेला, खुनी लांब गेला न्हाई!" शिपाई चारी दिशांना पळाले.

डॉक्टरसाहेबांनी शेजारच्या दगडाला हात लावला. "जमादार, हाही आत्ताच मेला का?"

*

घाटनांदूरला एक म्हातारे बसल्याजागी गेले आणि तसेच ताठरले. तिरडीवर आडवे होईनात. धाकटा मुलगा म्हणाला, "वाटणी केली न्हाई म्हणून आबा हटून बसलेत!" घाबरून थोरल्यानं विहीर धाकट्याला कबूल केली. आबा तसेच!

"मयत ताठरतंच," साहेब म्हणाले. "उद्या आपोआप ढिलं पडेल." लेक यायची होती, म्हणून सगळे थांबले. दुसऱ्या दिवशी आबा खरंच ढिले पडले.

थोरला लगेच म्हणाला, "आबांचा राग गेला. आता हीर माझीच ऱ्हाऊ द्या की!"

*

एका वाडीला कोरड्या बारवेत, पायऱ्यांच्या तळाशी, सखाराम डोकं फुटून मेलेला सापडला. चुलतभाऊ किसनशी त्याचं वैर होतं. जमादारांनी किसनला दोरी लावून आणलं. किसनची बायको साहेबांच्या पायाशी रडत बसली. नवऱ्यावर फासावर जायची पाळी होती, मला तर बघवेना.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. जमादार म्हणाले, "दिवस कलल्यावर मेलाय सायेब. किसन तवा बारवेपाशीच व्हता, लोकांनी बघितलंय."

साहेबांनी हातपाय वाकवून पाहिले, पाठीवरचे काळे-निळे डाग दाबून पाहिले. "सगळं अंग ताठरलंय, दाबून डागही हटत नाहीत. एवढं व्हायला आठ-दहा तास लागतात. हा सकाळीच गेलाय."

"जरा पुढं सरकवा की!"

"नाही."

"निदान जेवणवेळ तरी धरा!"

"हा काय बैलबाजार आहे? सकाळी म्हणजे सकाळी!"

जमादार किसनवर उखडले. "मग सकाळी कुठं गेलता बे?"

"तुमच्याच घरी की जमादारसायेब! फुकट लाकडं फोडाया तुमीच न्हेलतं. दुपारपस्तोर तितंच व्हतो."

जमादारांनी त्या कोरड्या ठणठणीत पायऱ्या बराच वेळ न्याहाळल्या.

"लई निसरडं हाय हितं," ते म्हणाले. "पाय घसरला असंल बिचाऱ्याचा!"