राहिलेली दोन प्रकरणं

कार्ल्सरूहेच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी जर्मन सहकारी एकदा जेवणाच्या सुट्टीत एक जपानी गेम घेऊन आली. गेम कसला, पडद्यावर वाचायची भयकथाच. स्थिर चित्रं, आवाज, पानामागून पान मजकूर, आणि मधूनमधून आपण ठरवायचं, दार उघडायचं की नाही. एक अक्षर न कळता तिनं तो शेवटपर्यंत खेळला होता.

"कोण मेलं ते कळतं," ती म्हणाली. "का मेलं ते नाही. तुला जपानी येतं ना?"

पुण्यात मी चार वर्षं जपानी शिकले होते. नोकरी मिळाली जर्मनीत, आणि शिकलेलं गंजत पडलं. मी हो म्हणून टाकलं.

हा गेम आधी जपानात जुन्या कॉम्प्युटरसाठी निघाला होता. बऱ्याच वर्षांनी हातात धरायच्या कन्सोलवर पुन्हा आला, दोन नव्या प्रकरणांसकट. जपानबाहेर मात्र काहीच नाही.

दर शनिवारी सकाळी तिच्या स्वयंपाकघरात आम्ही बसायचो. मी मोडक्या जर्मनमध्ये अर्थ सांगायचा, तिनं नीट करून टाइप करायचा. सुरुवातीला एका पडद्याला तास लागे. एकदा ओल्या अनवाणी पावलांच्या आवाजाचा शब्द आला. तिला जर्मनमध्ये काही सुचेना. मी मराठीत म्हणून दाखवलं, "पचक, पचक, पचक." ती हसली, आणि मग उठून पॅसेजमध्ये बघून आली.

फोनवर आई म्हणाली, "अगं, भुतांसाठी एवढी उस्तवार?"

आठव्या महिन्यात बातमी आली: गेम अधिकृतपणे इंग्रजीत येणार. इंग्रजी आम्हा दोघींनाही येत होतं, म्हणजे आमचं काम वायाच. तिनं बातमी खालपर्यंत वाचली. येणार होती ती जुनी आवृत्ती, नव्या प्रकरणांशिवाय.

"आल्झो, मग थांबायचं?" तिनं विचारलं.

"नाही. ती दोन आपणच करायची."

केली. पुढचा हिवाळा त्यातच गेला. गोष्टीतली मुलगी का मेली ते शेवटच्या पानावर कळलं: ती आत असताना दार बाहेरून तिच्याच धाकट्या बहिणीनं लावलं होतं. दुष्टपणानं नाही, आतल्या आवाजाला भिऊन. मी वाक्य सांगितलं, तिनं टाइप केलं आणि लॅपटॉपवरून हात काढून घेतले. मग ती उठली आणि तिनं आमच्या दोघींसाठी अंडी उकडायला ठेवली.

दोन वर्षांनी वाढीव आवृत्तीही अधिकृतपणे इंग्रजीत आली. आम्ही ती आमच्या मजकुराशी ओळीनं ताडून पाहिली. माझ्या दोन चुका निघाल्या. आमची फाइल आता कुणालाच लागणार नव्हती, तरी त्याच दुपारी मी ती उघडली आणि दोन्ही ओळी दुरुस्त केल्या.